मुंबईचं पाणी, २०१४ चा निकाल आणि वॉर्ड ऑफिसची खिडकी

वॉर्डकर

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं की मानवी हक्क वगैरे युनोच्या गप्पा आहेत, महापालिकेने गटारं साफ करावीत आणि गप्प बसावं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये नळजोडणीचे अर्ज भरायला लोकांना मदत करतो. त्यामुळे जे लिहितोय ते पाण्यापुरतं.

मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ चा. त्याच्या कलम ६१ मध्ये पालिकेची आवश्यक कर्तव्यं आहेत आणि ६३ मध्ये ऐच्छिक. पाणीपुरवठा ६१ मध्ये येतो. म्हणजे नळ ही नगरसेवकाची मेहेरबानी नाही, हे इंग्रज असतानाच कागदावर आलं होतं. पण १९९६ साली राज्य शासनाने परिपत्रक काढलं की कट-ऑफ तारखेनंतरच्या अनधिकृत झोपड्यांना पाणी द्यायचं नाही. ही तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, पुढे १ जानेवारी २००० झाली. झोपडी २००१ ची असेल तर तिच्यातल्या पोराला तहान लागू नये अशी सरकारची अपेक्षा असावी.

पाणी हक्क समितीने याविरुद्ध जनहित याचिका केली. १५ डिसेंबर २०१४ ला मुंबई उच्च न्यायालयाने (न्या. अभय ओक आणि न्या. गडकरी) सांगितलं की पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. घर बेकायदा आहे एवढ्याच कारणावरून पाणी नाकारता येणार नाही, पालिकेने धोरण आखावं. त्याच निकालात असंही आहे की अशा रहिवाशाला कायदेशीर घरात राहणाऱ्याच्या बरोबरीने पाणी मागता येणार नाही आणि त्याला दरही जास्त लावता येईल. हा भाग लोक सोयीस्करपणे विसरतात, दोन्ही बाजूंचे.

मग पालिकेने काय केलं? जानेवारी २०१७ मध्ये धोरण आलं. त्यात फुटपाथ, खासगी जमिनी, केंद्र सरकारच्या जमिनी असं एकेक वगळत गेले. आता मुंबईचा नकाशा आठवा. रेल्वे, विमानतळ, पोर्ट ट्रस्ट (मुंबई बंदर, आताची पोर्ट ऑथॉरिटी), मिठागरं. झोपड्या तिथेच तर आहेत! रे रोडजवळचं कौला बंदर घ्या. जमीन पोर्ट ट्रस्टची, त्यामुळे पालिकेचा नळ नाही. तिथे वर्षानुवर्षं लोक मोटर लावून ओढलेलं पाणी रबरी पाइपने विकत घेत आलेत. मे २०२२ मध्ये 'सर्वांसाठी पाणी' धोरण आलं, त्यात मानवतेच्या भूमिकेतून सगळ्यांना जोडणी असं म्हटलं. कागद उत्तम आहे.

आता खिडकीवर या. जोडणी घराला नाही, गटाला. गटाचा एक सेक्रेटरी लागतो. सगळ्यांची रेशनकार्डं, लाइटबिलं, मतदार ओळखपत्रं, परवानाधारक प्लंबर. फाइल घेऊन गेलं की समोरचा क्लार्क पहिलं पान उलटतो आणि म्हणतो, "हे होत नाही. जमीनमालकाची एनओसी आणा." धोरण बदललंय म्हटलं की, "आमच्यापर्यंत काही आलेलं नाही." अर्ज नाकारत नाही बरं का. अर्ज *घेतच* नाही. आवक क्रमांक नाही म्हणजे नकारही नाही, आणि नकार नाही म्हणजे अपील कशावर करणार?

माझं म्हणणं एवढंच की कोर्टाने दिलेला हक्क आवक-जावकच्या रजिस्टरात चढेपर्यंत हवेतच असतो. इतर शहरांत काय अनुभव आहे ते लिहा.

रोखठोक_काका

लेख चांगला, पण पटला नाही. मी बोरिवलीत राहतो, मालमत्ता कर भरतो, पाणीपट्टी भरतो. आमच्या सोसायटीला सकाळी जेमतेम तासभर पाणी येतं. ज्याने सरकारी जमीन बळकावली त्याला नळ द्यायचा, मग लाइट, मग फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र), मग फुकट फ्लॅट. आज नळाचं बिल दिलं की उद्या तेच पुरावा म्हणून पुढे येणार. हक्काच्या नावाखाली हे अतिक्रमणाला आमंत्रण नाही का? हक्क फक्त त्यांनाच, आम्हाला फक्त कर्तव्यं?

वॉर्डकर

काका, बिल पुराव्यासारखं वापरता येऊ नये ही काळजी कोर्टालाही होती. निकालात ते स्पष्ट केलंय की पाणी मिळालं म्हणून घर अधिकृत ठरत नाही. तेवढ्यावर तुमचं समाधान व्हायला हरकत नाही.

दुसरं, 'फुकट' पाणी कुणीच मागत नाही. पालिकेचा घरगुती दर हजार लिटरला पाच-सहा रुपयांच्या घरात आहे. नळ नसलेल्या वस्तीत ३५ लिटरचा कॅन दहा रुपयांना धरला (उन्हाळ्यात त्याहून चढा असतो), तर हजार लिटरचे २८५ रुपये होतात. म्हणजे पालिकेच्या दराच्या पन्नासपट. हे पैसे पालिकेच्या तिजोरीत जात नाहीत. जोडणी दिली तर त्यातला काही भाग तुमच्याच पालिकेला मिळेल.

आणि तुमच्याकडे तासभर येतं ते झोपडीमुळे नाही. नियोजनाचा निकष इमारतीला माणशी रोज १३५ लिटर आणि झोपडपट्टीला ४५ असाच राहिलाय. एक-तृतीयांश. चावीवाला व्हॉल्व्ह किती फिरवतो आणि किती वाजता फिरवतो यावर बाकीचं ठरतं, ते तुमच्याकडेही आणि आमच्याकडेही.

झंपी

चावीवाल्याबद्दल +१. आमच्या चाळीत चावीवाल्याच्या मुलीच्या लग्नाला झाडून सगळे गेले होते. आमदाराच्या मुलाच्या लग्नाला एवढी गर्दी नव्हती :)

स्वरा_म

उत्तम धागा. वकील आहे, त्यामुळे थोडं मागे जाते.

या सगळ्याचं मूळ ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका, १० जुलै १९८५. सर्वोच्च न्यायालयाचं पाच जणांचं घटनापीठ, निकालपत्र सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांचं. १९८१ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना उचलून गावी पाठवायचा आदेश दिला होता. तेव्हा पालिकेच्या हातात कोणतं हत्यार होतं? त्याच १८८८ च्या कायद्यातलं कलम ३१४, ज्यात नोटीस न देता अतिक्रमण काढता येतं.

कोर्टाने म्हटलं की उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. माणूस फुटपाथवर हौसेने झोपत नाही, काम जिथे आहे तिथे झोपतो. आता गंमत बघा. एवढं म्हणून कलम ३१४ वैधच ठरलं. फक्त नोटीस द्या, म्हणणं ऐकून घ्या, पावसाळ्यात काढू नका (३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत मुदत दिली), आणि ज्यांच्याकडे १९७६ च्या झोपडी-गणनेची ओळखपत्रं आहेत त्यांना पर्यायी जागा द्या.

जगभर कायद्याच्या वर्गांत हा निकाल शिकवतात, आणि ज्यांनी तो मिळवला त्यांना शेवटी हलावंच लागणार होतं. पण मी याला पराभव म्हणणार नाही. तेव्हापासून 'आधी नोटीस, आधी सुनावणी' हे पालिकेच्या डोक्यात बसलं. आजही तोडकाम थांबवायला गेलं की न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतात, नोटीस कधी दिली? चाळीस वर्षांनी हा एक प्रश्न टिकला हे कमी नाही.

वॉर्डकर यांचं 'अर्ज घेतच नाही' हे अगदी खरंय. त्यावर उपाय आहे, पण जेवण करून लिहिते.

शहापूरकर

सगळ्यांचं वाचलं. थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

भातसा आमच्या तालुक्यात. तानसा आमच्या तालुक्यात. वैतरणेची धरणं आमच्या उशाशी. मुंबईच्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी सोडले तर तुम्ही सगळं पाणी इकडूनच नेता. मार्च-एप्रिल उजाडला की शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर सुरू होतात. बाई कोरड्या विहिरीत उतरून वाटीने हंडा भरते आणि पाड्याच्या खालून मुंबईची भलीमोठी पाइपलाइन जाते.

शहराच्या महापालिकेने मानवी हक्क राबवायचे ते हद्दीच्या आतल्या माणसांसाठीच का? बोरिवलीकर आणि गोवंडीकर भांडतायत ते आमच्या पाण्यावरून भांडतायत. आमची ग्रामपंचायत कुणाकडे अर्ज करणार?

वॉर्डकर

शहापूरकर, याला माझ्याकडे उत्तर नाही. मुंबईचं पाणीहक्काचं एकही धोरण धरणाच्या बाजूने सुरू होत नाही, सगळी नळापासून सुरू होतात.

रोखठोक_काका

शहापूरकरांशी शंभर टक्के सहमत. बघा, प्रकल्पग्रस्तांना नाही आणि अतिक्रमण करणाऱ्यांना आहे.

शहापूरकर

काका, माझा खांदा वापरू नका. आमच्याकडची निम्मी पोरं कामाला येऊन तुमच्याच त्या झोपड्यांत राहतात.

पेठकरीण

पुण्याचं लिहिते, कारण पाणी सोडून दुसरं उदाहरण हवं. कचरा.

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ ची, बाबा आढावांच्या पुढाकारातली. कचरा वेचणाऱ्या बायकांची मागणी पैशाची नव्हती. आधी म्हणाल्या, आम्हाला कामगार म्हणा. पोलीस रस्त्यात पोतं उघडायला लावायचे, चोरीचा माल म्हणून. पुणे महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली तेव्हा ते कमी झालं. एक लॅमिनेट केलेलं कार्ड! पुढे पालिकेने त्यांच्या आरोग्यविम्याचा खर्च उचलला. २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था झाली आणि पालिकेने तिच्याशी करार केला. घरोघरी जाऊन ओला-सुका वेगळा घ्यायचा, घरटी ठरलेलं शुल्क थेट वेचकाने घ्यायचं, आणि सुक्या कचऱ्यातलं जे विकलं जाईल ते त्याचंच.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. भंगारावरचा हक्क. कंपनीची गाडी आली की तो सर्वात आधी जातो.

आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी होते. आमच्याकडे येणाऱ्या ताई ढकलगाडी घेऊन सकाळी आरोग्य कोठीपासून (पालिकेच्या सफाई खात्याचं ठाणं) निघायच्या. सॅनिटरी पॅड ओल्या कचऱ्यात गुंडाळून टाकायची खोड आमच्या इमारतीत होती. 'लाल ठिपका' मोहीम आली, म्हणजे पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे हाताने वेगळं करणाऱ्याला कळेल. मी लिफ्टमध्ये लाल मार्कर दोरीने टांगून ठेवला. त्यावर एका आजोबांनी मीटिंगमध्ये हरकत घेतली की हे असलं लिफ्टमध्ये नको. मी म्हटलं, मग तुम्ही या सकाळी वेगळं करायला. मार्कर राहिला.

पण करार हा करारच. डिसेंबर २०२० मध्ये मुदत संपली आणि लगेच ठेकेदाराला काम द्यायची भाषा सुरू झाली. मग मोर्चे, मग मुदतवाढ. हक्क पाच-पाच वर्षांच्या करारावर टांगलेला असला की दर पाच वर्षांनी तो पुन्हा मागावा लागतो. पालिकेच्या उपविधीत कायमचा घातला तर वेगळं.

जाता जाता, बायकांच्या स्वच्छतागृहांची याचिकाही पुण्याचीच. 'मिळून साऱ्याजणी'च्या मंडळींनी पुणे महापालिका आयुक्तांना प्रतिवादी केलं होतं. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना रस्त्यावर बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं देण्याबाबत निर्देश दिले. आता लक्ष्मी रोडला दिवाळीच्या खरेदीला जाऊन बघा आणि कळवा.

झंपी

कळवते: घरून निघताना पाणी पीत नाही, हाच उपाय आहे अजून.

सोल_कढी

नावावरून कळलंच असेल, मी दक्षिण कोरियात, सोलमध्ये आहे. धाग्याच्या विषयाचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण इथलंच असल्याने राहवलं नाही.

ग्वांगजू शहर. १८ मे १९८० ला तिथे लष्करी राजवटीविरुद्ध विद्यार्थी उठले, मग सगळं शहर उठलं. २७ मे पर्यंत सैन्याने ते चिरडलं. शेकड्याने माणसं गेली. त्या शहराने पुढे स्वतःला 'मानवी हक्कांचं शहर' ठरवलं, आणि नुसतं स्मारक बांधून थांबलं नाही. २००९ मध्ये शहराचा स्वतःचा मानवी हक्क अध्यादेश (म्हणजे शहरापुरता कायदा) केला, पालिकेत वेगळा विभाग, २०१२ मध्ये सनद, नंतर तक्रारी ऐकणारा लोकपाल. २०११ पासून जगभरच्या अशा शहरांची परिषद तिथे भरते. मी एकदा गेले होते. भाषणं कंटाळवाणी होती, खरं सांगते. पण शहराने स्वतःला लावून घेतलेले निर्देशांक बघितले आणि थबकले. अपंगांना बसमध्ये चढता येतं का इथपासून सगळं मोजायचं आणि जाहीर करायचं. आपल्याकडे पालिका खड्डे मोजते ते बुजवून झाल्यावर.

आता दुसरी बाजू. सोलनेही २०१२ मध्ये असाच अध्यादेश केला. २०१४ मध्ये नागरिकांच्या समितीने सनद लिहिली. महापौर होते पार्क वोन-सून, स्वतः मानवी हक्कांचे नावाजलेले वकील. सनदेत लैंगिक कल आणि लिंगओळख यावरून भेदभाव करणार नाही असं एक कलम होतं. चर्चच्या गटांनी गोंधळ घातला, आणि समितीने मतदानाने मंजूर केलेली सनद महापौरांनी जाहीरच केली नाही, 'एकमत नाही' म्हणाले. डिसेंबरच्या थंडीत कार्यकर्ते सिटी हॉलमध्ये ठाण मांडून बसले. शेवटी महापौरांनी दिलगिरी व्यक्त केली. सनद मात्र आली नाही.

शहर जवळ असतं म्हणून हक्क लवकर पोचतात असं म्हणतात. शहर जवळ असतं म्हणून दबावही लवकर पोचतो. ज्यांच्या मागे मतं नाहीत त्यांचे हक्क एकमतावर सोडले तर संपलंच. मला वाटतं वॉर्डकर यांच्या क्लार्कचं आणि आमच्या महापौरांचं दुखणं एकच आहे.

बे_एरियाकर

सोल_कढी, आयडी फर्मास! आमच्याकडचं थोडक्यात. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार अमेरिकेने आजतागायत मंजूर केलेला नाही. सॅन फ्रान्सिस्कोने १९९८ मध्ये तो शहराचा अध्यादेश म्हणून घेतला, देशाला न विचारता. मग खात्यांना आपापल्या कामाचं स्त्रियांच्या नजरेतून परीक्षण करावं लागलं. सार्वजनिक बांधकाम खात्याला वाटत होतं, आपला काय संबंध. मग रस्त्यावरचे दिवे निघाले, बाबागाडी आणि व्हीलचेअरसाठी फुटपाथचे उतार निघाले. बाकी बेघरांच्या बाबतीत हे शहर काय करतं यावर न बोललेलं बरं.

रोखठोक_काका

वाचतोय. मार्करवाल्या बाईंना सलाम. पण मूळ प्रश्न तसाच आहे. ग्वांगजूत लोकांनी निवडून दिलेली सभा हे ठरवते. आमच्याकडे कोर्ट ठरवतं आणि पालिका नाइलाजाने करते. करदात्याला कुणी विचारतच नाही.

वॉर्डकर

काका, हा मुद्दा मात्र लाखमोलाचा. मार्च २०२२ मध्ये मुंबई पालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही, प्रशासकाचा कारभार होता. 'सर्वांसाठी पाणी' आलं तेही नगरसेवक नसतानाच. एवढ्या मोठ्या शहरात तुम्हाला नाही विचारलं आणि आम्हालाही नाही.

बरं, नगरसेवकाच्या खालची पायरीही कायद्यात आहे. २००९ मध्ये राज्याने पालिका कायद्यांत क्षेत्रसभा घातल्या. मतदारांची सभा भरायची, आपल्या भागाची कामं आणि लाभार्थी तिथे ठरवायचे. तुम्ही कधी बोरिवलीत क्षेत्रसभेला गेलात? मीही नाही गेलो. भरलीच नाही. ती भरली असती तर तुम्ही तुमच्या तासभराच्या पाण्याबद्दल आणि मागच्या वस्तीने तिच्या कॅनबद्दल एकाच सतरंजीवर बसून भांडण केलं असतं. मला ते आवडलं असतं.

स्वरा_म

जेवण झालं, भांडीही झाली. आता उपाय.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. यात शासन आणि पालिका आपल्या सेवा अधिसूचित करतात, प्रत्येक सेवेला मुदत आणि जबाबदार अधिकारी म्हणजे पदनिर्देशित अधिकारी ठरलेला असतो. नळजोडणी त्यात येते. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं. त्यावर पहिलं अपील, दुसरं अपील, मग सेवा हक्क आयोग. अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम चिल्लर आहे, पण दंड त्याच्या *खिशातून* जातो आणि नोंद होते, त्याला अधिकारी घाबरतात.

खिडकीवर अर्ज घेत नसतील तर वाद घालू नका. ऑनलाइन भरता येत असेल तर तिथे भरा, टोकन क्रमांक आपोआप पडतो. नाहीतर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने सहायक आयुक्तांच्या नावे पाठवा. पोस्टाला क्लार्क 'नाही' म्हणू शकत नाही. अर्जात २०१४ च्या निकालाचा आणि २०२२ च्या धोरणाचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात करा, शेवटी नको, शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. एनओसी मागितली तर कोणत्या नियमाखाली, ते लेखी मागा.

कट-ऑफवर अडकलेल्या वस्त्यांमध्ये एक व्यावहारिक अडचण येते. गटातल्या एकाचे कागद कच्चे असले की सगळ्या गटाचा अर्ज लटकतो. म्हणून गट लहान करा, भक्कम कागदवाल्यांचा पहिला अर्ज जाऊ द्या. हे ऐकायला बरं वाटत नाही, मला कळतंय.

वॉर्डकर

शेवटचा सल्ला अवघड आहे, स्वराताई. गटातून कुणाला मागे ठेवायचं हे ठरवायला मी बसणार नाही. गल्लीतल्या बायका ठरवतात ते ठरवू देत. बाकी स्पीड पोस्ट करून बघतो.

झंपी

अर्जाचा नमुना इथे टाकाल का कुणी? कुर्ल्याला माझ्या मावशीच्या गल्लीत हवाय.

स्वरा_म

उद्या संध्याकाळी टाकते. मावशींना सांगा, गल्लीतल्या सगळ्यांची लाइटबिलं आत्तापासून गोळा करा, आणि झेरॉक्स दोन-दोन काढा.

रोखठोक_काका

नमुना टाकाल तेव्हा सोसायटीच्या कमी दाबाच्या तक्रारीचाही टाका. सहायक आयुक्त आमचाही तोच प्रकार करतात.